दुखणें सांपडत नाहीं म्हणून तें खोटें काय ?

आपल्या मंडळ्यांतून फिरतांना पाळकाला व उपदेशकाला जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचीं उत्तरें शास्त्रांत शोधिलीं असतां सांपडतात. परंतु एक प्रश्न असा आहे कीं तो कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. तो मनांत धरूनच लोक उपासनेला येतात आणि तसेच परत जातात. ज्या दुखण्याचें कारण डॉक्टरला सांपडत नाहीं, ज्याची खूण अंगावर दिसत नाहीं आणि जें प्रार्थनेनेंहि गेलें नाहीं, तें खरें मानावें कीं नाहीं? आणि तें सोसणाऱ्याशीं ख्रिस्ती माणसानें कसें वागावें? या प्रश्नाचा आज थोडा विचार करण्याचें योजिलें आहे. त्याला निमित्त माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, म्हणून ती प्रथम सांगतों.

हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्याच्या एका लहान गांवीं आमच्या मंडळीचीं दहा-बारा घरें आहेत. त्यांपैकीं एका घरांतील भगिनी, वय चाळिशीच्या आंतबाहेर, हळदीच्या दिवसांत काढणीला व शिजवणीला मजुरीनें जाते. तीन वर्षांपूर्वीं हळदीच्या कढईजवळ ओल्या हळदीच्या पाट्या वाहत असतां तिच्या छातींत कळ आली, डावा हात जड झाला, धाप लागली व अंगाला घाम सुटला. ती बांधावर बसली. थोड्या वेळानें कळ गेली. पुढें ती पुनःपुन्हा येऊं लागली. कधीं ओझें उचलतांना, तर कधीं रात्रीं स्वस्थ निजली असतां. एका दवाखान्यांत तिच्या हृदयाची पट्टी काढली, ती निर्दोष निघाली. “कांहीं नाहीं, गॅस आहे,” असें सांगून गोळ्या दिल्या गेल्या. दुसऱ्या ठिकाणीं पुन्हा पट्टी काढली, तीहि निर्दोष. तेथें “हे मनाचे खेळ आहेत,” असें तिला ऐकावें लागलें.

मग घरांत बोलणीं सुरू झालीं. कामाच्या वेळींच बरी हिची छाती दुखते, असें सासूबाई म्हणाल्या. शेजाऱ्यांनीं भानामतीचें नांव काढिलें आणि अमक्या बाबाकडे न्या, असें सुचविलें. आणि मीं काय केलें? ती प्रार्थना मागावयास आली तेव्हां मीं प्रार्थना केली, आणि ‘आमेन’ म्हटल्यावर तिला म्हणालों, “बाई, कागद स्वच्छ आहेत. आतां भय सोडा. विश्वास थोडा कमी पडतो आहे, तो वाढवा.” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पाळकसाहेब, दुखतंय ते मला ठाऊक. कागदाला काय ठाऊक?” त्यानंतर चार महिने तिनें प्रार्थनेसाठीं विनंती केली नाहीं. ती उपासनेला येई, मागल्या बाजूला बसे व निघून जाई. तिला बरें वाटत असेल, अशी मीं आपली समजूत करून घेतली.

एका संध्याकाळीं उपदेशकाच्या पत्नीकडून मला खरी हकीकत कळली. त्या भगिनीला बरें वाटलें नव्हतें. तिनें सांगणें सोडून दिलें होतें. एका रात्रीं तिला फार मोठी कळ आली. ती भिंतीला टेकून उजाडेपर्यंत बसून राहिली, पण तिनें कोणाला उठविलें नाहीं. उठविलें तर लोक काय म्हणतील, या भीतीनें ती एकटीच बसली. हें ऐकून मला झोंप आली नाहीं. त्या रात्रीं ती मेली असती तर तिच्या एकटेपणांत माझ्या त्या एका वाक्याचा वाटा असता. दुखणें मीं तिला दिलें नव्हतें, हें खरें. पण तें मुकाट्यानें सोसण्यास मीं तिला लाविलें होतें.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीं हन्नेची गोष्ट आहे. ती मंदिरांत मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती. ओंठ हालत होते, शब्द ऐकूं येत नव्हता. दाराशीं एली याजक बसला होता. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि ही प्यालेली आहे, असें त्यानें ठरविलें. एली दुष्ट नव्हता. तो आयुष्यभर देवाच्या घरांत सेवा करणारा मनुष्य होता. परंतु जें त्याला ऐकूं आलें नाहीं तें नाहींच, असें त्यानें धरून चालला. आणि मंदिरांतील सर्वांत खरी प्रार्थना त्याला दारूची धुंदी वाटली. ही गोष्ट मीं अनेक वेळां उपदेशांत सांगितली आहे, आणि दर वेळीं मी हन्नेच्या बाजूला उभा असें. आपली जागा दाराशीं बसलेल्या एलीची आहे, हें मला त्या रात्रीं प्रथम दिसलें. एलीची एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. हन्नेनें नम्रपणें उत्तर दिल्यावर त्यानें आपला हट्ट धरिला नाहीं. त्यानें तिचें ऐकिलें, आपलें मत बदलिलें आणि तिला शांतीनें निरोप दिला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ‘सांपडलें नाहीं’ आणि ‘नाहीं’ हीं दोन वाक्यें आपण एकच समजतों, आणि तेथेंच आपली फसगत होते. विहीर खणतांना चाळीस फुटांवर पाणी लागलें नाहीं, तर एवढेंच सिद्ध होतें कीं चाळीस फुटांपर्यंत पाणी नाहीं. हृदयाच्या पट्टीचें तसेंच आहे. ती पट्टी म्हणजे हृदयांतून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहाची त्या कांहीं क्षणांची नोंद होय. कळ नसतांना काढलेली पट्टी रोग असूनहि निर्दोष निघूं शकते. म्हणून “पट्टींत कांहीं सांपडलें नाहीं” हें डॉक्टरचें खरें वाक्य आहे. त्याचें “तुला कांहीं झालें नाहीं” असें भाषांतर आपण करितों, तें खोटें आहे.

या छातीच्या कळेचा इतिहासहि आपणांस हेंच शिकवितो. इंग्लंडांत विल्यम हेबर्डेन नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं १७६८ सालीं लंडनच्या डॉक्टरांच्या मंडळापुढें एका दुखण्याचें वर्णन वाचून दाखविलें. तें १७७२ सालीं छापून निघालें. चालतांना, विशेषतः चढ चढतांना व जेवणानंतर, छातींत गुदमरल्यासारखी कळ येते आणि उभें राहिलें कीं ती जाते, असें त्यांनीं लिहिलें. त्या काळीं पट्टी काढण्याचें यंत्र नव्हतें. छातीला लावावयाची नळीहि नव्हती. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद होऊन ही कळ येते, हें हेबर्डेन यांना ठाऊक नव्हतें. त्यांच्यापाशीं केवळ रोग्यांचे शब्द होते, आणि त्यांनीं त्यांवर विश्वास ठेविला. कारण पुढें सांपडलें. देवीची लस काढणारे एडवर्ड जेन्नर हे त्याचा शोध घेणाऱ्यांपैकीं एक होते. आज ज्या रोगाला सारें जग भितें, त्याची ओळख अशी प्रथम कानांनीं झाली. सुमारें शंभर रोग्यांत आपणांस तीनच स्त्रिया आढळल्या, असें हेबर्डेन यांनीं नमूद केलें आहे. आज आपणांस ठाऊक आहे कीं हृदयरोग स्त्रियांनाहि मोठ्या प्रमाणावर होतो, आणि पुष्कळदां त्यांची तक्रार निराळी असते. धाप, थकवा, मळमळ, पाठींतील दुखणें अशा रूपानें तो प्रगट होतो. म्हणून स्त्रीच्या दुखण्याला ‘सोंग’ म्हणण्याची घाई आपल्या खेड्यांत फारच घातक ठरते.

पुढें १८७१ सालीं अमेरिकेंतील डॉ. डा कोस्टा यांनीं लढाईंतील तीनशेंहून अधिक सैनिकांविषयीं लिहिलें. त्यांना छातींत कळ येई, हृदय धडधडे, धाप लागे. परंतु तपासलें असतां हृदयांत बिघाड आढळत नसे. ते शिपाई भित्रे वा लबाड आहेत, असें म्हणणें सोपें होतें. पण डा कोस्टा यांनीं तें दुखणें खरें मानून त्याचा अभ्यास केला. मुख्य वाहिन्या मोकळ्या असूनहि ज्यांना कळ येते, अशा रोग्यांच्या दुखण्याला १९७३ सालीं डॉ. केम्प यांनीं एक अज्ञातदर्शक नांव दिलें. बीजगणितांत न कळलेल्या संख्येला अक्षर देतात तसें. यांपैकीं कांहींच्या हृदयांतील अगदीं बारीक वाहिन्यांत दोष असतो व नेहमींच्या चित्रांत त्या दिसत नाहींत, हें आतां कळलें आहे. आणि १९९० च्या सुमारास जपानांतील डॉक्टरांनीं असें दाखवून दिलें कीं, एकाएकी मोठें दुःख किंवा धक्का बसला असतां हृदयाचा स्नायु कांहीं काळ खरोखरच दुबळा होतो व त्याचा आकारहि बदलतो. म्हणजे ‘मनाचें दुखणें’ म्हणून आपण जें हंसण्यावारी नेतों, तें देहांतहि उतरतें. देवानें मन व देह हीं दोन निरनिराळीं घरें बांधलेलीं नाहींत.

येथें कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, सगळ्यांचेंच खरें मानूं लागलों तर आळशी माणसांचें फावेल.” ही शंका वाजवी आहे, तिला उत्तर दिलें पाहिजे. पहिली गोष्ट, दुखणें खरें मानणें म्हणजे त्याचें कारणहि रोगी सांगेल तेंच मानणें नव्हे. छातींत दुखतें हें आपण मान्य करावें. तें हृदयामुळें कीं पित्तामुळें, फासळ्यांच्या स्नायूमुळें कीं रक्त कमी झाल्यामुळें, कीं काळजीमुळें, हें ठरविणें डॉक्टरचें काम आहे. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंच्या चुकांचें वजन सारखें नाहीं. खोटें सांगणाऱ्यावर मीं विश्वास ठेविला तर माझी एक संध्याकाळ व थोडे पैसे जातील. खरें सांगणाऱ्यावर अविश्वास दाखविला तर त्याचा प्राण जाईल. आणि प्राण गेला नाहीं तरी, आपलें कोणी नाहीं, असें त्याचें मन त्याला सांगूं लागेल. ज्याला शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीति करावयाची आहे, त्यानें या दोहोंतून कोणती चूक पत्करावी, हें सांगावयास नको.

आतां ‘विश्वास कमी’ या बोलण्याविषयीं, कारण तो आम्हां सेवकांचा विशेष दोष आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोंवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून त्यांनीं कारण सांगण्यास आरंभ केला तेव्हां ते बिघडले. आणि शेवटीं देवाचा कोप त्यांच्यावर झाला, ईयोबावर नव्हे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं कोणाचें पाप म्हणून विचारलें, तेव्हां प्रभूनें तो प्रश्नच मोडून काढिला. पौलानें आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथें आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. पण त्याच्या विश्वासाविषयीं एकहि वावगा शब्द लिहिला नाहीं. मग हा शब्द आमच्या तोंडीं कोठून आला? मला वाटतें, तो आमच्या भयांतून येतो. मीं प्रार्थना केली आणि दुखणें गेलें नाहीं, तर दोष माझ्या प्रार्थनेवर येईल, म्हणून मी तो रोग्याच्या विश्वासावर ढकलितों. त्या भगिनीला मीं भय सोडावयास सांगितलें, पण त्या वेळीं भ्यालेला मीच होतों.

डॉक्टरकडे जाणें हा अविश्वास आहे, असेंहि कांहीं फिरते उपदेशक सांगतात. हिज्कीया राजाला बरें करण्याचें वचन मिळाल्यावरहि यशयानें अंजिराचा लेप लावावयास सांगितलें. लूक हा वैद्य होता. आपल्या देशांतील मिशनचा इतिहासहि या शिकवणुकीच्या विरुद्ध साक्ष देतो. डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस इस्पितळ उघडलें, तें प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें आरोग्याचें काम सुरू केलें आणि खेड्यांतील अल्पशिक्षित बायांना शिकवून गांवाच्या आरोग्यसेविका केलें. कां कीं गांवांतील बाईचें दुखणें गांवांतील बाई आधीं ऐकते. आणि भानामतीचें नांव सांगून अघोरी उपचार करणाऱ्यांना आळा घालणारा कायदा आपल्या राज्यांत २०१३ पासून आहे, हेंहि मंडळीला ठाऊक असावें.

त्या भगिनीकडे मी गेलों व तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “असूं द्या.” तेवढ्यानें माझें ओझें उतरलें असें मी म्हणत नाहीं. पुढें मंडळींतील दोघे तिच्याबरोबर नांदेडला गेले. तेथें तिला यंत्रावर चालवून तपासलें, रक्त तपासलें, वाहिन्यांत औषध सोडून चित्रहि घेतलें. मोठ्या वाहिन्या मोकळ्या निघाल्या. रक्त मात्र फार कमी होतें. तेथील डॉक्टरनें जें सांगितलें तें मला फार योग्य वाटलें. दुखणें खरें आहे. बारीक वाहिन्यांचा दोष असूं शकेल, पण खात्रीनें सांगतां येत नाहीं. औषध घ्या, रक्त वाढवा, आणि कळेचें रूप बदललें तर ताबडतोब या. आज तिची कळ पूर्वीपेक्षां कमी आहे, परंतु गेलेली नाहीं. कारणाचें नांव अद्याप तिच्या कागदावर नाहीं. तरी आतां रात्रीं कळ आली कीं ती नवऱ्याला उठविते.

असें दुखणें ज्यांच्या वांट्याला आलें आहे, त्यांनाहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपलें दुखणें लपवूं नका; पण त्याला आपल्या सबंध आयुष्याचा धनीहि करूं नका. मार्काच्या शुभवर्तमानांतील ती स्त्री बारा वर्षें अनेक वैद्यांकडे फिरली व सर्व द्रव्य खर्चून बसली. आज एक, उद्यां दुसरा, परवां तिसरा, अशी धांव घेऊन शेत गहाण टाकूं नका. एका जाणत्या डॉक्टरला धरून राहा व जुने कागद जपून ठेवा. गडचिरोलीस आदिवासी लोकांत काम करणारे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशींत हृदयरोगानें गांठलें. ते स्वतः डॉक्टर असूनहि त्यांना आपली राहणी, आहार, धांवपळ व मनाची स्थिति यांचा नव्यानें विचार करावा लागला. आणि तो त्यांनीं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकांत मोकळेपणानें मांडिला. रोग एकदां आला म्हणजे जगणें थांबतें असें नाहीं, पण तें निराळ्या रीतीनें शिकावें लागतें. तंबाखू व विडी सोडणें, मिठाचा हात आंखडता घेणें, साखर व रक्तदाब तपासून घेणें, हें कारण न कळतांहि करतां येतें.

आणि उपदेशक बंधूंनीं व बायबलबाईंनीं पुढील गोष्ट प्रत्येक घरीं सांगावी. छातीच्या मध्यभागीं दाबल्यासारखें किंवा आवळल्यासारखें दुखणें कांहीं मिनिटांत थांबलें नाहीं, तें हातांत, जबड्यांत वा पाठींत गेलें, त्याबरोबर घाम, धाप किंवा चक्कर आली, तर तें गॅस आहे कीं काय, हें घरीं बसून ठरवूं नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनि करावा. ती गाडी विनामूल्य येते. वाहिनी बंद झाली असतां हृदयाचा स्नायु मिनिटामिनिटाला मरत असतो, आणि लवकर पोंचलेल्याला वांचविण्याचे उपाय आज आहेत. पूर्वीं दहा वेळां तपासणी निर्दोष निघाली असली तरी अकराव्या वेळीं जावेंच. आणि तेथें कांहीं निघालें नाहीं तर कोणी हंसूं नये. आंधळेपणानें हंसणारी मंडळी रोग्याला बाराव्या वेळीं घरीं बसविते.

अडतिसाव्या स्तोत्रांत दावीद आपल्या हृदयाची धडधड देवापुढें मांडितो, आणि लगेच पुढच्या वचनांत, आपले मित्र व सोबती दूर उभे राहिले आहेत, असें सांगतो. पहिली गोष्ट घालविणें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. दुसरी मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. पौलाच्या देहांतील काटा कोणता होता, हें दोन हजार वर्षें झालीं तरी कोणाला निश्चित सांगतां आलेलें नाहीं. त्यानें तीन वेळां विनंती केली. काटा गेला नाहीं. त्याला कृपा मिळाली, आणि ती पुरी पडली. आपल्या मंडळींतील अशा बंधुभगिनींना ती कृपा ज्या वाटांनीं पोंचावयाची, त्यांतील एक वाट आपण आहों. म्हणून येत्या रविवारीं उपासना संपल्यावर मागल्या बाजूला कोण बसलें आहे, तें पाहावें. त्यांच्याजवळ जाऊन बसावें, कसें आहे म्हणून विचारावें, आणि त्यांचें सांगून होईपर्यंत उठूं नये.